नाचणारीला पडायला कोण शिकवणार?

ढोलकीचा तोडा संपतो तेव्हा लावणीवाली जो शेवटचा ठोका देते, तो पूर्ण तळव्याचा असतो. टाच आणि चवडा एकदम, गुडघा जवळजवळ ताठ. चाळ वाजायचे तर ठोका तसाच द्यावा लागतो. चवड्यावर अलगद उतरलं तर घुंगरं नुसती किणकिणतात, मागच्या रांगेपर्यंत काही पोचत नाही. दहा-बारा वर्षं रोज रात्री दिलेला हा ठोका अंगात असा मुरतो की जमिनीला टेकताना पाय दुसरं काही करतच नाही. आता हीच मुलगी सिनेमाच्या सेटवर पाच-सहा फुटांच्या ओट्यावरून उडी मारते. पाय तसाच टेकतो, सपाट आणि ताठ. सगळा भार घोट्यातून गुडघ्यात, गुडघ्यातून कमरेत. मुरगळलेला घोटा महिन्याभरात बरा होतो. गुडघ्यातली गादी फाटली तर पुढचा सीझन गेला, आणि कधी कधी नाचही कायमचा गेला.

अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओंमुळे खानदेशात स्टेजवरच्या मुलीला कॅमेऱ्यासमोर यायची वाट मोकळी झाली आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ऑर्केस्ट्रात, लोकनाट्याच्या फडात नाचणारी मुलगी आज गाण्यात दिसते, उद्या छोट्या सिनेमात. त्या सिनेमात तलवार असते, मारामारी असते, नागीण असते, उडणारी देवी असते. "हिला नाचता येतं ना, मग फाइट जमेलच," असं म्हणून तिला उभं केलं जातं. हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं घातक आहे. ॲक्शन आणि अद्भुत सिनेमाला लागणारं अंग या बाईकडे तयार आहे, बहुतेक शहरी नट्यांपेक्षा जास्त तयार आहे. म्हणून तिला आयटम साँगच्या चार मिनिटांत न अडकवता नायिकेची कामं मिळायला हवीत. पण त्याआधी तिला पडायला शिकवलं पाहिजे, आणि ती पडेल त्याची जबाबदारी कागदावर निर्मात्याने घेतली पाहिजे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या करता येणार नाहीत.

नाचणारी बाई आणि अद्भुत सिनेमा यांचं नातं आपल्याकडे सिनेमाइतकंच जुनं आहे. दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळाली नाही. नाचगाण्याच्या धंद्यातल्या बायकांनीसुद्धा नकार दिला आणि अण्णा साळुंकेंना लुगडं नेसवावं लागलं. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. दोघी रंगभूमीवरून आलेल्या. पडद्यावरच्या पहिल्या बायका आल्या त्या पुराणातल्या चमत्कारकथेत, आणि त्यातही गोष्ट मोहिनीच्या नाचाची. हा योगायोग समजून सोडून देऊ नये. कॅमेऱ्यापुढे न लाजता अंग वापरता येणारी बाई त्या काळात फक्त स्टेजवरच होती.

मग स्टंटपटांची नायिका नादिया. मूळ नाव मेरी इव्हान्स, जन्म १९०८, ऑस्ट्रेलियातलं पर्थ. लहानपणी आईवडिलांबरोबर हिंदुस्थानात आली, घोड्यावर बसायला शिकली, बॅलेच्या फिरत्या कंपनीत नाचली, सर्कशीतही काम केलं. वाडिया मूव्हीटोनने तिला आधी छोट्या कामांत पारखलं आणि १९३५ साली 'हंटरवाली' आला. पुढच्या वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती आगगाडीच्या टपावर मारामारी करताना दिसली. तिच्या निडरपणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ती निडर होतीच. पण ती सर्कशीतून आली होती, ही गोष्ट त्याहून मोठी आहे. सर्कशीत उडी मारायला शिकवण्याआधी पडायला शिकवतात. शिवाय वाडियांची कंपनी पगारी होती. तोच दिग्दर्शक, तेच साथीदार, तीच मारामारीची मंडळी वर्षानुवर्षं एकत्र. कोणाचा हात कुठे येणार हे प्रत्येकाच्या अंगाला ठाऊक. आज खानदेशात आठ दिवसांत सिनेमा उरकणाऱ्या युनिटमध्ये समोरचा 'गुंड' पहिल्यांदा भेटतो तोच शूटिंगच्या सकाळी.

आपल्या फडातल्या बाईकडे काय आहे ते आधी नीट बघू. गण-गवळण झाली, बतावणी झाली की वग, म्हणजे तमाशातलं नाटक, लागतो. वगात राजा, प्रधान, दरोडेखोर, देवी, राक्षस. मोठ्या फडांच्या जाहिरातीत 'ट्रिकसीन' हा शब्द मुद्दाम असतो. धूर, आग, छाटलेलं मुंडकं, अंतराळात दिसणारी देवी हे सगळं कनातीच्या आत, एका रात्रीत, रिटेक नसताना. तमाशा कलावंत कांताबाई सातारकरांनी तर फडात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका उभी केली. तलवार धरायची, समोरच्याला लागू द्यायची नाही आणि शेवटच्या माणसाला लागल्यासारखी दाखवायची, हे कसब तिथे रोजचं आहे. त्यात नऊवारीचा काष्टा घालून, पायात किलो-दोन किलोचे चाळ बांधून, सलग दहा मिनिटं नाचूनही श्वास न तुटण्याची ताकद. आणि ताल. फाइट मास्टर मारामारी मोजूनच बसवतो. एकला वार, दोनला चुकवणं, तीनला वळणं, चारला लाथ. आठ मात्रांत जिचं आयुष्य गेलं तिला हे मोजमाप एका दुपारी पाठ होतं. जिममध्ये अंग कमावलेल्या नवख्या मुलीला याच मोजमापाला चार दिवस लागतात, आणि तरी तिसरा वार उशिरा येतो.

आता कुठे चुकतं. पहिलं, नजर. तमाशात प्रेक्षक तीन बाजूंना असतात, म्हणून खोटा ठोसा सगळ्यांना खोटा दिसतो आणि कलाकार नकळत अंतर कमी करतात. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो. ठोसा आणि गाल यांच्यात फूटभर जागा ठेवली आणि कॅमेरा दोघांच्या रेषेत लावला, तर ती जागा पडद्यावर दिसतच नाही. ठोसा खरा वाटतो तो मार खाणाऱ्याच्या मानेच्या झटक्यामुळे. स्टेजवरून आलेल्या मुलीला हे कोणी सांगत नाही. ती प्रामाणिकपणे जवळ जाते आणि पहिल्याच टेकला कोणाचं तरी नाक फुटतं.

दुसरं, थांबणं. फडात अंग एकदा तापलं की बारी संपेपर्यंत तापलेलंच राहतं. सिनेमात तीन सेकंदांचा शॉट असतो, मग लाइट बदलायला पाऊण तास. अंग थंड होतं, आणि "चला चला, सूर्य चाललाय" म्हणून बाईला थेट उडी मारायला लावलं जातं. मांडीचे, पोटरीचे स्नायू फाटतात ते बहुतेक याच वेळी, चहाच्या ब्रेकनंतरच्या पहिल्या टेकला. उपाय साधा आहे. प्रत्येक ॲक्शन शॉटआधी दहा मिनिटं अंग तापवायला द्यायची, आणि तो वेळ शूटिंगच्या तक्त्यात आधीच लिहून ठेवायचा. लिहिलेला नसला की सगळ्यात आधी तोच कापला जातो.

तिसरं आणि सगळ्यात मोठं, पडणं. नाचात पडणं म्हणजे नामुष्की. पाय घसरला तरी तोल सावरायचा, हात टेकायचा नाही, हे लहानपणापासून अंगावर घेतलेलं असतं. स्टंटमध्ये उलटं आहे. तोल गेला की सावरायचं नाही, गोल व्हायचं. हनुवटी छातीला, पाठ वाकलेली, भार एका खांद्यावरून तिरका विरुद्ध कमरेवर, आणि जमिनीला लागताना पूर्ण हाताची चापट, म्हणजे धक्का पसरतो. सरळ हात टेकून पडलं की मनगट किंवा कोपर जातं. हे शिकायचा क्रमही ठरलेला आहे. आधी गादीवर उकिडवं बसून मागे लोळणं, मग उभ्याने, मग चालत, मग पळत, मग दोन फुटांवरून, आणि सरतेशेवटी उंची. रोज तासभर दिला तर दोन-तीन महिन्यांत जुनी सवय सुटून नवी बसते. दोन-तीन महिने हा आकडा ऐकून निर्माते हसतात. पण लावणी शिकायला किती वर्षं लागली, हे त्यातल्या कोणी कधी विचारलेलं नसतं.

अद्भुत सिनेमाचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे बाई उडते. पूर्वी बाबूभाई मिस्त्रींसारख्या कसबी माणसाने काळ्या दोऱ्यांवर वस्तू उडवून प्रेक्षकांना थक्क केलं. पडद्यावर दिसू नये म्हणून दोरा बारीक हवा, हा तेव्हाचा नाइलाज होता. आज तार संगणकावर पुसता येते. छोट्या शहरातला एडिटरही साध्या पार्श्वभूमीवरची तार काढून देतो. तरीसुद्धा बारीक तार, एकच तार, कुठून तरी आणलेला बांधकामाचा बेल्ट, असं का चालतं? पुसायची सोय असताना तार जाड का नको आणि दुसरी जोडतार का नको? या प्रश्नाला कोणत्याही निर्मात्याकडे उत्तर नाही. सवय आहे, एवढंच.

वायरच्या कामात हार्नेस, म्हणजे तार अडकवायचा अंगावरचा पट्टा, त्या बाईच्या मापाचाच लागतो. पुरुषाच्या मापाचा आवळून बांधला की मांडीचे पट्टे चुकीच्या जागी दाबतात. तारेची टोकं कमरेच्या दोन्ही बाजूंना, अंगाच्या तोलाच्या जागी हवीत. खाली सरकली तर डोकं खाली जातं. नऊवारी इथे कामाला येते. काष्ट्यात मांडीचे पट्टे झाकले जातात, फक्त कमरेशी दोन भोकं नीट शिवून घ्यावी लागतात, नाहीतर तार कापडात गुंतते. आधी तिच्या वजनाचं वाळूचं पोतं पूर्ण मार्गाने चार-पाच वेळा फिरवायचं, मग माणूस. आणि टांगून ठेवायची वेळ मिनिटांत मोजायची. मांड्यांचे पट्टे आवळलेले असताना पाय लोंबकळत राहिले की रक्त खालीच साठतं. पायांना मुंग्या, मग मळमळ, मग चक्कर. मुंग्या आल्या असं बाई म्हणाली की तिला खाली घ्यायचं, शॉट अर्धा राहिला तरी. हे सांगायला ती कचरणार नाही, अशी व्यवस्था करणं हे दिग्दर्शकाचं काम आहे.

कपड्यांबद्दल थोडं. स्टेजवरच्या झगमगीत साड्या बहुतेक नायलॉन किंवा जॉर्जेटच्या असतात. आगीजवळ हे कापड नुसतं जळत नाही, वितळतं, आणि कातडीला चिकटतं. आगीचा सीन असेल तर आतून-बाहेरून सुती, अंबाड्यातली खोटी वेणी आणि गजरा काढलेला, आणि कॅमेऱ्याच्या कडेला ओली कांबळी घेऊन दोन माणसं उभी. त्या दोन माणसांना दुसरं कोणतंही काम सांगायचं नाही.

"एवढा खर्च आमच्या बजेटात बसत नाही." खानदेशातला निर्माता हे म्हणतो तेव्हा त्याच्या अडचणीला मान दिला पाहिजे, कारण पैसे खरोखरच कमी असतात. पण त्याच्या दारात काय आहे तेही पाहावं. उंचीवरून पडण्यासाठी जगभर रिकामे पुठ्ठ्याचे खोके वापरतात. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी भरायचे खोके ढिगाने मिळतात. एक सांभाळायचं, केळीचा खोका वजन पेलण्यासाठी बनवलेला असल्यामुळे कडक असतो. त्याचे चारही कोपरे उभे चिरून तो मऊ करावा लागतो. खोके रिकामे, वरची झाकणं न चिकटवलेली, एकमेकांना घट्ट लावून रचलेले. दोन थरांमध्ये सपाट पुठ्ठा. वर जुन्या गाद्या आणि ताडपत्री. चहूबाजूंनी दोर, म्हणजे पडल्यावर खोके फाकत नाहीत. किती उंचीला किती थर, हे फाइट मास्टरने वजनाचं पोतं टाकून ठरवायचं, अंदाजाने नाही. आणि एकदा पडलं की चेपलेले खोके बदलायचे. चूक नेमकी इथे होते. पहिला टेक चांगला जातो, दिग्दर्शक "एक सेफ्टी टेक घेऊ" म्हणतो आणि दुसरी उडी त्याच चेपलेल्या खोक्यांवर पडते. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं, आणि तीच वीस मिनिटं वाचवली जातात.

गाद्यांसाठीही फार लांब जावं लागत नाही. तालुक्याच्या क्रीडा संकुलात ज्युदोच्या किंवा कुस्तीच्या मॅट असतात. आखाड्याची लाल माती त्याहून चांगली. फक्त प्लास्टिकच्या चटईवर फाइट बसवू नये. जळगावची चटई घराघरांत आहे म्हणून तीच अंथरतात आणि तिच्यावर घामाचा पाय बर्फासारखा सरकतो. घोड्याचं काम असेल तर सारंगखेड्यासारखी जागा नाही. तापीकाठी दत्तजयंतीला देशभरातले घोडे येतात, त्यांना फिरवणारी कसबी माणसंही येतात. पण हलगीवर नाचायला शिकवलेला घोडा सेटवर नेला आणि गाण्याचा प्लेबॅक लागला की तो पाय उचलायला लागतो, वर बसलेल्या बाईला काही कळायच्या आत. शूटिंगला साधा, गर्दीला सरावलेला, वयाने पोक्त घोडा घ्यावा आणि बाईला त्याच घोड्यावर निदान पंधरा दिवस आधी बसवावं.

ऊन हा इथला स्वतंत्र शत्रू आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि नेमका तेव्हाच फडांचा सीझन सरत आल्याने बाई मोकळी असते, म्हणून शूटिंगही तेव्हाच लागतं. गिरणेच्या वाळूत अकरा वाजल्यानंतर ॲक्शन करूच नये. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी साडेचारनंतर, एवढाच वेळ. पाणी कमी झालेलं अंग आधी पेटके देतं, मग अंदाज चुकवतं, आणि अंदाज चुकला की तलवार दोन इंच पुढे येते.

संगणक सगळं करेल, बाईच्या अंगाची गरज राहणार नाही, असा एक आक्षेप हल्ली ऐकू येतो. चेहरा बदलता येतो, आकाश बदलता येतं. वजन बदलता येत नाही. पाय टेकताना धूळ कशी उडते, वळताना पदर कसा उशिरा येतो, यावरच प्रेक्षक विश्वास ठेवतो. मालेगाव जिल्ह्याने नाशिकचं, पण बोलीने आणि बाजाराने खानदेशाला चिकटलेलं. तिथे यंत्रमागाच्या वस्तीतल्या पोरांनी हिरव्या कापडासमोर आपला सुपरमॅन उडवला आणि त्यावर २००८ साली माहितीपट निघाला. पैसा नसताना कल्पना किती लांब जाते, याचं ते दर्शन आहे. पण त्या सिनेमांत काम करायला स्थानिक बाई मिळत नव्हती, बाहेरून आणावी लागत होती. शंभर वर्षांपूर्वी फाळक्यांसमोर होती तीच अडचण. बाई का मिळत नाही? कारण 'नाचणारी' हा शब्द लागला की घर तुटतं, आणि त्या शब्दाच्या बदल्यात हातात नाव, करार, विमा यातलं काहीच येत नाही. नुसत्या धाडसाच्या भरवशावर कोण आपली लेक पाठवेल?

दुसरीकडे, बायकांच्या मारामारीचे शॉट पुरुषाला विग घालून उरकायची जुनी चाल अजून पुरती गेलेली नाही. १९७५च्या 'शोले'त बसंतीच्या टांग्याची धोक्याची दृश्यं रेश्मा पठाण यांनी केली. हेमा मालिनीच्या जागी बाईच उभी राहिली म्हणून ती दृश्यं आजही बाईची वाटतात. त्यांचं नाव सर्वांना कळायला मात्र काही दशकं लागली. फडातल्या बाईच्या बाबतीत हे पुन्हा घडू नये. तिने नायिकेच्या जागी उभं राहून धोक्याचा शॉट दिला, म्हणजे डबल केलं असेल तर श्रेयनामावलीत 'स्टंट' या शब्दाखाली तिचं नाव पाहिजे, कारण पुढचं काम तिला त्याच ओळीवर मिळणार आहे. आणि वयाची पस्तिशी ओलांडल्यावर कार्यक्रमांच्या सुपाऱ्या कमी होतात, तेव्हा फाइट असिस्टंट म्हणून उभं राहायलाही तीच ओळ उपयोगी पडणार आहे.

कायद्याचा आधार नाही असंही नाही. केंद्राच्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत दृकश्राव्य कामगार ही व्याख्या आहे. तीत अभिनेत्यांबरोबर नर्तकही येतात, डिजिटल निर्मितीही येते, आणि अशा कामगाराला लेखी कराराशिवाय कामावर घेता येत नाही. म्हणजे यूट्यूबसाठी काढलेली अहिराणी ॲक्शन फिल्म 'ती काय सिनेमा थोडीच' म्हणून सुटत नाही. पण सुपारी तोंडी घ्यायची सवय झालेल्या बाईला हे ठाऊक नसतं. तिच्यासाठी करार मराठीत, दोन पानांत हवा. कोणते शॉट ती स्वतः करणार, कोणते डबल करणार. किती उंची, किती वजन, आग आहे का, घोडा आहे का. ठरल्यापेक्षा धोका वाढला तर नाही म्हणायचा हक्क, आणि नाही म्हटलं तरी त्या दिवसाचे पूर्ण पैसे. अपघात विम्याच्या पॉलिसीची प्रत तिच्या हातात, शूटिंगच्या आधी. गाण्याचा दर आणि ॲक्शनचा दर वेगळा लिहिलेला असावा. आज दोन्ही 'एका दिवसाचे' म्हणून एकत्र मोजतात आणि धोका फुकटात जातो.

राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. अनुदानाच्या अर्जात ॲक्शन असलेल्या सिनेमाला सुरक्षेचा आराखडा जोडायची अट घालावी. फाइट मास्टर कोण, बाईच्या जागी डबल बाईच आहे का, विमा कोणाकोणाचा काढला, जवळचं हाडांचं रुग्णालय किती किलोमीटरवर. चार रकाने. सातपुड्याच्या पायथ्याशी शूटिंग असेल तर शेवटचा रकाना भरतानाच निर्मात्याला कळेल की सेटवर रुग्णवाहिका उभी ठेवल्याशिवाय भागणार नाही.

शिक्षणाची वेळ तर आयती आहे. फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि वैशाखात परततात. पावसाळ्याचे चार महिने बहुतेक बायका रिकाम्या असतात, उचल घेऊन दिवस काढतात. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने आणि तीन जिल्ह्यांच्या क्रीडा विभागांनी मिळून याच चार महिन्यांत स्टेज कलावंत बायकांसाठी स्टंटचा वर्ग घ्यावा. राहायची सोय, महिन्याचं विद्यावेतन आणि लहान मुलांना सांभाळायला एक खोली, कारण या बायका मुलांना टाकून येणार नाहीत. पहिला महिना फक्त पडणं. दुसरा महिना अंतर आणि कॅमेरा; साध्या मोबाइलवर शूट करून लगेच दाखवायचं, म्हणजे फूटभराची जागा पडद्यावर कशी नाहीशी होते ते डोळ्यांना पटतं. तिसरा महिना शस्त्र आणि घोडा. चौथा महिना हार्नेस आणि वायर, आणि त्यातले आठ दिवस वायर ओढणाऱ्या पोरांसाठी, कारण वर टांगलेल्या बाईचा जीव त्यांच्या हातात असतो आणि त्यांना कोणीच काही शिकवत नाही. शिकवायला मुंबईचा फाइट मास्टर हवाच, पण पहिल्या महिन्यासाठी तालमीतली कुस्ती शिकवणारी बाई पुरते.

वर्गात आल्यावर पहिल्या दिवशी चाळ काढून ठेवावे लागतील. अनवाणी, लाल मातीत, टाच आधी न टेकता, गुडघे सैल सोडून, एक फुटावरून उतरायचं. पहिले आठ-दहा दिवस पाय ऐकणार नाही, ठोकाच देईल.